कुकडीकाठच्या दगडांची खानेसुमारी

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुक गावाजवळ, कुकडीच्या काठावरच्या गाळात एक फिकट पांढुरका थर आहे. वर-खाली नदीने आणून टाकलेली माती आणि गोटे, आणि मध्येच हा परका रंग. ही राख आहे, पण इथल्या कुठल्या भट्टीची किंवा डोंगराची नाही. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा टोबा ज्वालामुखी फुटला, त्याची राख समुद्र ओलांडून तीन हजारांहून अधिक किलोमीटर उडत आली आणि जुन्नरच्या शिवारात येऊन बसली.

गंमत एवढ्यावर संपत नाही. या राखेच्या संगतीने आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत आणि राखेच्या वयावरून अभ्यासकांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू आहे. काहींच्या मते ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची आहे. काहींच्या मते ती टोबाच्याच, पण त्याहून कितीतरी आधीच्या, जवळजवळ ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे. कुकडीकाठी हातकुऱ्हाडी घडवणारा माणूस केव्हा वावरत होता, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने सुमात्रातल्या एका स्फोटाच्या तारखेवर अडून बसले आहे.

आता याच नदीवरची आणखी दोन ठिकाणे आठवा. उगमाच्या बाजूला नाणेघाट. पावसाळ्यात तिथला ‘उलटा धबधबा’ बघायला झुंबड उडते. खालच्या अंगाला निघोज. तिथले रांजणखळगे सहलीच्या प्रत्येक यादीत असतात. बोरीची राख मात्र बहुतेक याद्यांमध्ये नसते. एकाच नदीची ही तीन लेकरे; दोघांचे लाड होतात आणि तिसऱ्याला कुणी ओळखतही नाही. कुठल्या जागी काय दडले आहे, त्यातले काय जपायला हवे आणि लोकांना कुठे न्यावे हे ठरवायचे तर आधी जमिनीची मोजदाद हवी. जगभरातले भूशास्त्रज्ञ गेली काही दशके हीच मोजदाद करण्याच्या पद्धती बसवत आहेत.

एकरंगी नकाशा आणि बहुरंगी जमीन

शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राचा खडकांचा नकाशा अगदी सोपा असतो. बहुतेक राज्य एकाच रंगात, त्यावर लिहिलेले ‘बेसाल्ट’. कडेला कोकणचा जांभा, दक्षिण सिंधुदुर्गातले आणि पूर्व विदर्भातले फार जुने खडक, चंद्रपूरचा कोळसा, संपला नकाशा. तो खोटा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला, थरावर थर साचत गेला आणि दख्खनचे पठार घडले. आजही हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. कोयना भागात रासाटी इथे शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्ट संपायला ९३३ मीटर खाली जावे लागले. किल्लारीत तोच थर ३३८ मीटरवर आटोपला.

पण ‘सगळा काळा दगडच’ असे म्हणणाऱ्याने एखाद्या विहीर खणणाऱ्याशी बोलावे. त्याला पाषाण वेगळा आणि मांजऱ्या वेगळा. पाषाण म्हणजे घट्ट, छिन्नीला दाद न देणारा. मांजऱ्या म्हणजे फोडांनी भरलेला. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुडे होऊन अडकले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपले आणि त्यातून पांढरी, हिरवट, कधी गुलाबीसर खनिजे जमली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांमध्ये कॅव्हन्साइटचे गडद निळे स्फटिक मिळाले आणि जगभरच्या संग्राहकांना वाघोलीचे नाव पाठ झाले. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाला, त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती होऊ लागली आणि तेवढ्यात पुढचा लाव्हा तिच्यावर येऊन पसरला. घाटातून जाताना गाडीच्या खिडकीतून दिसणारी ती तांबडी रेघ म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती आहे.

काही थरांत तर बोटाच्या पेराएवढे, त्याहूनही मोठे फेल्डस्पारचे स्फटिक दिसतात. एवढे मोठे स्फटिक वाढायला वेळ लागतो. म्हणजे तो शिलारस बाहेर येण्याआधी जमिनीच्या पोटात बराच काळ थांबलेला होता. असे थर दुरूनही ओळखू येतात, म्हणून सह्याद्रीतल्या शेकडो लाव्हाप्रवाहांची उतरंड लावताना भूशास्त्रज्ञांनी त्यांचा खुणेच्या दगडांसारखा उपयोग केला. त्यांतला एक मंचरच्या नावाने ओळखला जातो. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचरचे नाव आपल्याला बाजार समितीमुळे ठाऊक असते; भूशास्त्राच्या शोधनिबंधांत ते या टपोऱ्या स्फटिकांमुळे येते.

खडक, खनिजे, जीवाश्म, माती, डोंगर-दऱ्यांचे आकार, झरे, नद्या आणि या सगळ्यांना घडवणाऱ्या प्रक्रिया, यांच्या एकत्रित वैविध्याला भूविविधता म्हणतात. ही कल्पना १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात संवर्धनाच्या चर्चेत रुजली. २००४ मध्ये ब्रिटिश अभ्यासक मरे ग्रे यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. २०२१ मध्ये युनेस्कोने ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन ठरवला आणि २०२२ पासून तो साजरा होतो. जैवविविधतेच्या मानाने हे बाळ लहान आहे. पण वाघ, वड आणि वायतुरा ज्या जमिनीवर उभे असतात तिची दखल घ्यायला माणसाला इतका उशीर लागावा, याचे नवल वाटते.

मोजायचे कसे?

पद्धतीचा गाभा सोपा आहे. प्रदेशाच्या नकाशावर चौकोनांची जाळी टाकायची. मग एकेका चौकोनात किती प्रकारचे खडक आहेत, किती प्रकारची भूरूपे, किती मृदा, किती खनिजे, कुठे जीवाश्म आहेत, हे वेगवेगळ्या नकाशांवरून मोजायचे. शेवटी सगळ्यांची बेरीज करून चौकोन रंगवायचे. बेरीज मोठी तर रंग गडद.

ब्राझीलच्या पाराना राज्यात पोर्तुगीज आणि ब्राझिलियन संशोधकांनी २५ किलोमीटर बाजूचे चौकोन घेऊन हे करून दाखवले आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. हे उदाहरण आपल्या जवळचे आहे, कारण पारानाचा मोठा भागही दख्खनसारखाच लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे. तो लाव्हा आपल्यापेक्षा दुप्पट जुना. इग्वासूचा जगप्रसिद्ध धबधबा त्याच थरांच्या पायऱ्यांवरून कोसळतो. त्याआधी २००७ मध्ये सेरानो आणि रुईस-फ्लानो या स्पॅनिश अभ्यासकांनी एक सूत्र मांडले होते. त्यात घटकांची संख्या जमिनीच्या चढउताराने गुणायची आणि क्षेत्रफळाच्या लॉगरिदमने भागायचे. चढउतार कशाला? कारण उतार बदलला, दिशा बदलली की ऊन, पाणी, माती सगळेच बदलते. आणि क्षेत्रफळाने भागायचे, म्हणजे केवळ आकाराने मोठा म्हणून एखादा भाग श्रीमंत ठरू नये.

यासाठी लागणारी बरीचशी सामग्री आपल्याकडे आहे. १८५१ पासून काम करणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे आता ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. उपग्रहांनी टिपलेली उंचीची माहिती मोफत मिळते. मृदेचे नकाशे आहेत. जोडणी तेवढी करायची आहे.

कुकडीच्या चौकोनांतून

आता ही जाळी मनातल्या मनात कुकडीच्या खोऱ्यावर टाकू.

पहिला चौकोन उगमाचा. पूर गावातले कुकडेश्वराचे मंदिर, वर नाणेघाट, शेजारी जीवधन आणि त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका. एका बाजूला पठार, दुसऱ्या बाजूला कोकणात तुटलेला कडा. उलट्या धबधब्याचे रहस्य याच तुटण्यात आहे. समुद्रावरून येणारा पावसाळी वारा या उभ्या भिंतीला धडकतो, त्याला वर जाण्याखेरीज वाट उरत नाही आणि कड्यावरून निघालेले पाणी तो उलट वर भिरकावतो. याच कड्यातल्या खिंडीतून सातवाहनांच्या काळी व्यापारी तांडे चढले, इथल्याच गुहेत नागणिका राणीचा लेख कोरला गेला. खडक, कडा, खिंड, सुळका, झरे, धबधबे, तांबडी माती: हा चौकोन गडद होणार यात शंका नाही.

दुसरा चौकोन जुन्नरचा. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री मिळून दोनशेहून अधिक लेणी या परिसरात खोदलेली आहेत. लेण्याद्रीची तीसेक लेणी कड्याच्या पोटात ओळीने का बसली आहेत, ते समोर उभे राहून पाहिले की लक्षात येते. कडा आडव्या थरांचा आहे. छताला पेलणारा घट्ट दगड कुठे आहे, कुठला थर झिरपतो, कुठला सोलला जातो, याचे भान असल्याशिवाय दगडाच्या पोटात शिरताच येत नाही. त्या कारागिरांनी भूविविधतेचा नकाशा कागदावर काढला नसेल, पण तो त्यांच्या हातात होता.

जुन्नर ओलांडून पूर्वेला सरकले की जमीन पसरते. पश्चिमेला भात आणि हिरडा, मग नारायणगावच्या बाजूला काळी माती, द्राक्षे आणि टोमॅटो, पुढे पारनेर-शिरूरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात ज्वारी-बाजरी. एका दिवसाच्या प्रवासात दिसणारा हा बदल पावसाचा आहे तितकाच मातीचाही आहे. चौकोनांचा रंग इथे फिका होत जातो. आणि नेमक्या अशाच एका चौकोनात बोरी आहे.

शेवटचा चौकोन निघोजचा. एका काठाला पारनेर तालुका, दुसऱ्या काठाला शिरूर, मध्ये मळगंगा देवीचे कुंड आणि पात्रभर रांजणखळगे. एखाद्या खळग्याच्या काठावर बसून आत पाहा. भिंत गुळगुळीत, हलकेच पिळलेली, आणि तळाशी चार-दोन गोल गोटे. खळगा खोदणारी अवजारे तीच. पुराचे पाणी खडकातल्या एखाद्या लहानशा खाचेवर भोवरा धरते, भोवऱ्यात गोटा सापडतो आणि जात्यासारखा तळ दळत राहतो. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. खाच वाटीएवढी होते, मग रांजणाएवढी. शेजारचे दोन रांजण वाढता वाढता एकमेकांत फुटतात आणि त्यांच्या साखळीतून नदीला पात्राच्या आत आणखी एक खोल पात्र मिळते. ‘आशियातले सर्वांत मोठे’ वगैरे बिरुदे माहिती देणाऱ्याच्या तोंडी असतात. त्यांची गरज काय? पाण्याने आणि गोट्याने मिळून बेसाल्ट कोरला, ही एकच गोष्ट थक्क करायला पुरेशी आहे.

बेरजेत न मावणारे

बोरीपाशी या पद्धतीची मर्यादा उघडी पडते. सपाट जमीन, एक प्रकारची माती, साधी नदी. बेरीज केली तर बोरीचा चौकोन सामान्य ठरेल. नाणेघाटाच्या तुलनेत तर गरीबच. पण सुमात्राची राख आणि आदिमानवाची हत्यारे एकत्र असलेली जागा दुसरीकडे सहज सापडत नाही. विविधता आणि दुर्मिळता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गडद चौकोनांपुरते संवर्धन करायचे ठरवले, तर बोरी यादीबाहेर राहील.

म्हणून बेरजेच्या नकाशावर दुसरा नकाशा ठेवावा लागतो, एकेका स्थळाच्या मूल्यमापनाचा. पोर्तुगालचे भूशास्त्रज्ञ जुझे ब्रिल्या यांनी २०१६ मध्ये त्याची नेटकी रीत मांडली. प्रत्येक स्थळाला चार अंगांनी गुण द्यायचे: विज्ञानासाठी किती मोलाचे, शिकवण्यासाठी किती उपयोगी, पर्यटनासाठी किती योग्य आणि बिघडण्याचा धोका किती. खरी मेख या चौथ्या अंगात आहे. निघोजचा बेसाल्ट हजारो पावलांनी झिजणार नाही. तिथला धोका निराळा: निसरड्या खळग्यांत पाय घसरून बुडण्याचा, प्लास्टिकच्या बाटल्यांनी खळगे भरण्याचा, भिंतींवर नावे कोरण्याचा. बोरीच्या राखेचे तसे नाही. तो मऊ गाळातला थर आहे. काठ कोसळला, वाळूसाठी कुणी पात्र उकरले, कुणी सहज म्हणून मूठभर माती घरी नेली, तरी त्यातला पुरावा गेलाच. एकाच नदीवरच्या दोन जागा, पण एकीला कठडे, पाट्या आणि कचऱ्याचे डबे हवेत, तर दुसरीला गर्दीपासून थोडे अंतर आणि जवळच्या शाळेत तिची गोष्ट सांगणारी एक खोली.

आपल्याकडे हे उलट्या क्रमाने घडते. आधी छायाचित्र पसरते, मग गर्दी येते, मग कुंपण घालतात आणि अगदी शेवटी जमीन समजून घेतात. साताऱ्याजवळच्या कास पठाराचेच पाहा. जांभ्याच्या उघड्या कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यात पोषकद्रव्ये तुटपुंजी. म्हणूनच तिथे कीटक खाऊन गरज भागवणाऱ्या दवबिंदूसारख्या वनस्पती तगतात आणि कातळातल्या उथळ डबक्यांत वायतुरा फुलतो, जो साताऱ्याच्या आसपासचे सडे, म्हणजे अशी कातळी पठारे, सोडून इतरत्र आढळत नाही. फुलांचे वैभव दगडाच्या दारिद्र्यावर उभे आहे. ही माती पायाखाली दाबली गेली की फुलेही जातात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या मालिकेत कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, माणसे लोटली, मग प्रवेशावर मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली. नकाशा आधी असता तर वाहनतळ कुठे, पायवाट कुठून आणि कुठला सडा पूर्ण मोकळा सोडायचा, हे गर्दीच्या आधीच ठरवता आले असते.

आणखी एक पेच आहे. नकाशा छापला की पत्ता फुटतो. स्फटिकांच्या खाणी, जीवाश्मांच्या जागा यांचे नेमके स्थान जाहीर झाले तर अभ्यासकाच्या आधी विकणारा पोहोचतो. म्हणून समजूतदार नकाशा दोन प्रतींत असावा: एक सर्वांसाठी, दुसरा राखणाऱ्यांसाठी.

भूउद्यान आणि ग्रामसभा

अशा नकाशातून पुढे काय घडू शकते, याचा नमुना म्हणजे युनेस्कोची जागतिक भूउद्याने. २००० मध्ये फ्रान्स, जर्मनी, ग्रीस आणि स्पेनमधल्या चार प्रदेशांनी एकत्र येऊन युरोपात ही चळवळ सुरू केली. २०१५ मध्ये युनेस्कोने तिला स्वतःचा अधिकृत कार्यक्रम केले आणि २०२५ पर्यंत ५० देशांत २२९ भूउद्याने झाली. ही कुंपणातली उद्याने नव्हेत. त्यांत गावे असतात, शेती असते, देवळे आणि बाजार असतात. नियम मात्र कडक आहेत. महत्त्वाच्या स्थळांना कायद्याचे संरक्षण हवे. व्यवस्थापनाने जीवाश्म-खनिजे विकायची नाहीत. आणि दर चार वर्षांनी पुन्हा परीक्षा. नीट चालले तर हिरवे कार्ड, त्रुटी असल्या तर पिवळे आणि सुधारायला दोन वर्षे, तरीही जमले नाही तर लाल कार्ड आणि दर्जा रद्द. त्या यादीत भारताचे एकही भूउद्यान नाही.

हालचाल अगदीच नाही असे मात्र नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी आणि महाबळेश्वर इथल्या दख्खनच्या लाव्हाथरांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा जपण्यासाठी कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. पण दिल्लीतला मसुदा आणि पॅरिसमधली यादी बोरीच्या काठापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि काठ थांबत नाही.

गावपातळीवर एक चांगली वाट आधीच आखलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या. कुठले झाड, कुठला मासा, कुठली वनौषधी, हे गावकऱ्यांनीच सांगायचे आणि नोंदायचे. त्याच वहीत दगडांची काही पाने का जोडू नयेत? कुठल्या विहिरीला किती फुटांवर मांजऱ्या लागला, कुठला झरा उन्हाळ्यातही आटत नाही, कुठल्या ओढ्यात तांबडा पट्टा दिसतो, नांगराला कुठे विचित्र दगड लागले. यातले पुष्कळ वयस्कर शेतकऱ्यांना तोंडपाठ असते आणि उपग्रहाला दिसत नाही. भूगोलाच्या शिक्षकाने मुलांना घेऊन एका पावसाळ्यात एवढे जमवले, तरी जवळच्या महाविद्यालयातला भूशास्त्राचा विभाग त्याला चौकोनांत बसवू शकेल. पर्यटन विकास आराखडा पुढ्यात आला की ग्रामसभेकडे सांगायला काहीतरी असेल: वाहने इथवर, न्याहारीचे स्टॉल तिथे, आणि हा काठ कुणीही उकरायचा नाही.

जुन्नरला २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित करण्यात आले. किल्ले, लेणी, अष्टविनायकांतले दोन गणपती, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, तिथे दाखवण्याजोग्या गोष्टींना तोटा नाही. या सगळ्यांच्या खाली जी जमीन आहे तिची यादी मात्र व्हायची आहे. जंगल तोडले तर शंभर वर्षांत पुन्हा उभे राहण्याची आशा धरता येते. टोबाची राख पुन्हा मागवता येत नाही. जुन्नरच्या पुढच्या आराखड्यात पहिले पान या यादीचे असावे आणि रस्ते, विश्रामगृहे, कमानी यांची पाने त्यानंतर यावीत, एवढी मागणी कुकडीकाठच्या कुठल्याही ग्रामसभेला उद्याच्या बैठकीत करता येईल.